मधली ओळ

लिफ्टवाल्याने शिलाई मशीनला चौथी शिवी हासडली आणि पलीकडच्या खोलीतून चौथ्यांदा खोकला ऐकू आला. शिवी तशी मामुलीच होती. लिफ्टच्या तारांना तो रोज याहून कडक देत असे आणि तारा त्या निमूट ऐकून घेत. पण सासूबाई भिंतीपलीकडे बसलेल्या असताना जावयाने तोंड एवढं सैल सोडायचं नसतं, हे त्यालाही कळत होतं. त्याने ओठ आवळले आणि सुईखाली अडकलेली गोधडी ओढली. ती जागची हलेना. वाकून खाली पाहिलं तर दोऱ्याचा हा एवढा गुंता, एखाद्या चिमणीने घरटं बांधायला घेतल्यासारखा.

बावीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता. सगळ्या इमारतींत लोक त्याला लिफ्टवालाच म्हणत, आणि चिडवायचं असलं की घरातलेही तेच म्हणत. चौदाव्या मजल्याच्या फरशीला केसभरही पायरी न ठेवता लिफ्ट उभी करणारा माणूस. त्याला एका टीचभर मशीनने दोन दिवस रडकुंडीला आणलं होतं.

हे दुखणं त्याने आपण होऊन ओढवून घेतलं होतं. सासूबाईंनी चाळीस वर्षं लोकांच्या गोधड्या शिवल्या. घरातलं नातवंड शिकायला किंवा नोकरीला बाहेर पडलं की त्याच्या लहानपणच्या कपड्यांची एक गोधडी त्याच्याबरोबर जायची. अशा चार गेल्या. पाचवी राहिली होती ती धाकट्या नातीची, म्हणजे लिफ्टवाल्याच्या मुलीची, भिंगरीची. फ्रॉकचे चौकोन जोडून झाले होते, आणि मग दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या उजव्या हाताला कंप सुटला. चहाचा कप तोंडापर्यंत जाईतो अर्धा बशीत यायला लागला. त्या लेकीकडे राहायला आल्या, मशीन मागच्या खोलीत गेलं आणि गोधडीचं बोचकं कपाटात.

गेल्या आठवड्यात भिंगरी आजीला म्हणाली, "आजी, राहू दे गं. मी तिकडे एक ब्लँकेट विकत घेईन." पोरगी प्रेमानेच बोलली होती. पण त्या दिवशी आजीच्या बशीत जवळजवळ पूर्ण कप सांडला आणि लिफ्टवाल्याने ते पाहिलं.

आणि त्याचं स्वतःचं एक होतंच. भिंगरीने एवढ्या लांब शिकायला जाऊ नये म्हणून तो चार महिने भांडला होता. इथे काय कॉलेजं नाहीत का, हे त्याने निदान पन्नास वेळा विचारलं असेल. शेवटी तो हरला, आणि बापलेकीत बोलण्यासारखं बसची वेळ आणि मोबाइलचा चार्जर एवढंच उरलं. रविवारी सकाळी दहाची बस. त्याआधी ही गोधडी पुरी झाली तर निदान तोंडाने न बोलता काहीतरी तिच्याबरोबर जाईल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. नाही झाली तर ती दुकानातल्या ब्लँकेटवर आणि बापाच्या टोमण्यांवर निघून जाणार.

म्हणून बुधवारपासून चार दिवसांची रजा टाकून, भिंगरी घरात नसताना त्याने बायकोपाशी जाहीर केलं, "गोधडी मी पुरी करतो. मशीनच तर चालवायचंय." बायको हसली. "तुम्ही? शर्टाचं बटण लावताना मला हाक मारता!" पण तिने हे आईच्या कानावर घातलं, आणि सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. जावयाशी त्या तशाही मोजकंच बोलत.

बुधवारी बायको आईला दवाखान्यात घेऊन गेली आणि त्याने कपाटातून बोचकं काढलं. वर फ्रॉकचे चौकोन, मधे कापसाचा थर, खाली अस्तर, तिन्ही एकत्र केलेले होते. आणि त्या सगळ्यावरून, या काठापासून त्या काठापर्यंत, जाड पांढऱ्या दोऱ्याचे टाके. एकेक टाका बोटभर लांब. काही तिरपे, काही मधेच उड्या मारलेले, एक ओळ तर चढ चढून पुन्हा उतरलेली.

लिफ्टवाल्याने एका टाक्यावरून बोट फिरवलं. सासूबाईंचे टाके त्याने पाहिलेले होते. छापल्यासारखे असायचे. म्हातारीने या हाताने प्रयत्न केला, जमलं नाही, आणि कुणाला न सांगता कपाटात दडवून ठेवलं, हे त्याला लख्ख दिसलं. हे कुणाच्याही नजरेला पडता कामा नये, असं त्याने ठरवलं. तो तासभर बसून एकेक टाका अलगद काढत राहिला. दोऱ्याचा गोळा करून त्याने तो कचऱ्याच्या डब्यात अगदी तळाशी घातला. चारी बाजूंनी अस्तर चार बोटं बाहेर आलेलं होतं, तेही कापून वरच्या कापडाबरोबर केलं. काम कसं नेटकं पाहिजे. त्या चार दिवसांत त्याला स्वतःविषयी बरं वाटलं असा तेवढा एकच तास.

त्यानंतर सगळे भोगच होते. मशीन खालून गुंते करायला लागलं. त्याने त्याचं पोट उघडलं, साफ केलं, तेल दिलं, बंद केलं. गुंते तसेच. तेलाचा एक थेंब मात्र पिवळ्या बदकांच्या फ्रॉकवर जाऊन बसला. मग सुई मोडली. दुसरी घातली, ती वाकली. खालचा दोरा आवळून आवळून त्याने एका काठापासून कशाबशा सात ओळी मारल्या. गोधडीचं धूड टेबलाखाली लोंबत होतं आणि सुईला आपल्याकडे ओढत होतं. सातव्या ओळीनंतर त्याने गोधडी पसरून पाहिली. चौकोनांचे समोसे झाले होते. मधोमध पोट सुटल्यासारखा झोळ आला होता. खाली अस्तराच्या चुण्या पडून वर टाके बसले होते, आणि एका बाजूला तेच अस्तर तीन बोटं कमी पडत होतं. जे कालपर्यंत बरोबर होतं ते आज कमी कसं पडतं? कापड काय रात्रीत आटतं?

तेवढ्यात दारावर टकटक झाली. "बाबा, दोन दिवस दार लावून काय चाललंय?"

"काही नाही. मशीन दुरुस्त करतोय."

"आजीचं? आता कोण चालवणारे ते?"

"तू तुझी बॅग भर जा," तो खेकसला. बाहेर चपलांचा आवाज लांब गेला. त्याला असं बोलायचं नव्हतं. पण त्याला जे जे करायचं नव्हतं ते सगळं त्या दोन दिवसांत बिनचूक होत होतं.

शुक्रवारी सकाळी त्याने उसवायला घेतलं. टाका ओढला तो कापडासकट आला आणि लाल ठिपक्यांच्या फ्रॉकला बोट जाईल एवढं भोक पडलं. तो फ्रॉक भिंगरीने पहिल्यांदा शाळेत जाताना घातला होता. लिफ्टवाला त्या भोकाकडे बघत बसला. त्याला मशीन उचलून खिडकीबाहेर फेकावंसं वाटलं. मग त्याने गोधडी गोळा केली, छातीशी धरली आणि पलीकडच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"आई, जमत नाहीये."

सासूबाई पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या, जणू तयारच होत्या. "या. कालपासून वाट बघतेय मी. इथे पसरा."

त्याने गोधडी पलंगावर पसरली. सासूबाईंचा थरथरता हात चौकोनांवरून फिरला, झोळावर थांबला, भोकावर थांबला. मग त्यांनी एक कोपरा उलटला, दुसरा उलटला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"कच्चे टाके कुठेत?"

"कुठले?"

"पांढरे. मी घातलेले."

या प्रश्नाची त्याला धास्ती होतीच. त्याने आवाज शक्य तितका मऊ केला. "आई, ते मी काढून टाकले. कुणाला दिसायला नकोत म्हणून. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, हात साथ देत नसला की माणूस काय करणार..."

"सगळे काढले?"

"सगळे."

सासूबाई गोधडीकडे बघतच म्हणाल्या, "अकरा दिवस लागले होते मला. डाव्या हाताने उजवा धरून घातले होते." मग त्यांनी मान वर केली. "अहो, तीन थर सरकू नयेत म्हणून घालतात ते. मशीन मारून झालं की काढायचे असतात. लांबच असतात, कच्चेच असतात. माझा हात धड होता तेव्हाही मी असेच घालायचे. जरा सरळ यायचे, एवढंच."

"मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते कळलं मला." वीस वर्षांत त्या पहिल्यांदा त्याला 'तू' म्हणाल्या. "म्हातारीचा हात गेला, आता झाकून टाकू. हेच ना? माझी कीव करायला तुला सांगितलं होतं कुणी? या हाताला एवढं एकच काम जमत होतं, ते तू उसवून ठेवलंस! मला एका शब्दाने विचारायचं तरी होतंस."

लिफ्टवाल्याचे कान तापले. "तुम्ही तरी सांगायचं होतं."

"जावयाला काम कसं सांगायचं? टाके घालून ठेवले. म्हटलं, मशीन कळणारा माणूस घरात आहे, कधीतरी नजरेला पडेल त्याच्या."

तो उलट्या पावली स्वयंपाकघरात गेला आणि कचऱ्याचा डबा उघडला. डबा आदल्या दिवशीच रिकामा झाला होता. उसवलेला दोरा सापडून तरी काय उपयोग होणार होता कोण जाणे, पण तो त्या रिकाम्या डब्यात बराच वेळ बघत राहिला. स्वतःचा एवढा राग त्याला आयुष्यात कधी आला नव्हता.

"किती वाजले?" आतून हाक आली.

"साडेदहा."

"मग तिकडे काय शोधतोयस? जमीन पुसून घे."

पुढचे दोन तास त्याने नुसती बोलणी खाल्ली. आधी त्या सात ओळी. "ओढू नकोस! खालच्या बाजूने दर चौथा टाका काप, मग वरून दोरा आपोआप सुटतो. धसमुसळेपणा तुझ्या लिफ्टशी कर." मग अस्तर. "बाहेर आलेलं कापलंस कशाला? शिवताना कापड आत ओढलं जातं, म्हणून जास्तीचं ठेवतात. शोभेला नव्हतं ते." कमी पडलेल्या बाजूला जुन्या हिरव्या पडद्याची पट्टी जोडावी लागली. तो पडदा भिंगरीला लहानपणापासून आवडत नसे, पण घरात दुसरं तेवढ्या जाडीचं सुती कापड नव्हतं. फाटलेल्या चौकोनाच्या खाली त्याच फ्रॉकचा उरलेला तुकडा बसवला. तेलाच्या डागावर टाल्कम पावडर दाबून ठेवली.

मग अस्तर जमिनीवर उलटं पसरून त्याने कडा आपल्या हत्यारांच्या पेटीतल्या काळ्या टेपने चिकटवल्या, त्यावर कापूस आणि कापसावर चौकोन घातले. तो काठावर सुई घेऊन बसला तशा सासूबाई खुर्चीतून ओरडल्या, "मधून! काठावरून सुरू केलंस म्हणून तर झोळ आला. मधून बाहेर जायचं, म्हणजे जास्तीचं कापड सरकत सरकत काठाला जातं. पहिली ओळ मी घालते. मला खाली बसव."

'राहू द्या' हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. त्याने ते गिळले.

ती एक ओळ दीड वाजेपर्यंत चालली. बघवत नव्हतं. सुई कापडाजवळ जायची, चुकायची, पुन्हा जायची. डावा हात उजव्याचं मनगट पकडून त्याला जागेवर आणायचा. एक टाका पडायला मिनिट, कधी दोन मिनिटं. लिफ्टवाल्याचे हात शिवशिवत होते. घड्याळ पळत होतं, अख्खी गोधडी बाकी होती, आणि त्या सुईवरून त्याची नजर हटत नव्हती.

"माझ्याकडे काय बघतोस? पलीकडून तू सुरू कर," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. त्याने सुरू केलं. त्याचे टाके सरळ आले. त्यांनी ते तिरक्या नजरेने पाहिले. "शिवणकामात असतास तर उपाशी नसता मेलास," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी मशीनपाशी आल्यावर त्यांनी त्याला दोरा ओवायला सांगितला आणि लगेच डोक्याला हात लावला. "पाऊल खाली ठेवून ओवतोयस? कापड दाबणारं ते पाऊल आधी वर कर. ते खाली असलं की वरच्या चकत्या बंद राहतात, दोरा आत बसत नाही. मग गुंते नाही होणार तर काय होणार?"

लिफ्टवाल्याने पाऊल वर केलं, दोरा ओवला, पाऊल खाली घेतलं आणि मशीन चालवलं. खालून टाके असे आले की त्याला रडावं की हसावं कळेना. यासाठी त्याने मशीनचं पोट फाडलं होतं!

"बिचाऱ्या मशीनने शिव्या उगाच खाल्ल्या," सासूबाई म्हणाल्या. मग जाड सुई लावली, टाका लांब केला, शेजारी इस्त्रीचं टेबल लावून गोधडीचं ओझं त्यावर टेकवलं, दोन्ही बाजूंनी गुंडाळ्या केल्या आणि मधली ओळ समोर घेतली. तरीही सगळं सुरळीत झालं असं नाही. शनिवारी सकाळी अस्तरावर पुन्हा एक चुणी सापडली, चांगली वीतभर. तो उसवायला धावला.

"राहू दे. बस थांबणार नाही."

ती चुणी त्याला दिवसभर छळत राहिली. कडेने कापडाची गोट लावताना कोपरे त्याच्या हातून गोल व्हायचे. एकच कोपरा त्याने तीनदा उसवला, चौथ्यांदा सासूबाईंनी घडी दाबून धरली तेव्हा कुठे तो कोपरा झाला. पाच वाजता शेवटचा टाका पडला. लिफ्टवाल्याची मान मोडून आली होती.

"आता कच्चे टाके काढ," सासूबाई म्हणाल्या.

त्याने आपले टाके काढले. एकेक ओळ सरसर निघत गेली. मधल्या ओळीपाशी येऊन त्याने कात्री खाली ठेवली.

"ती राहिली की."

"राहू द्या."

"वेडा आहेस का? कच्चे टाके ठेवतं का कुणी? लोक म्हणतील, बाईला काम पुरं करता येत नव्हतं. चाळीस वर्षांत माझा एक कच्चा टाका कुणाच्या गोधडीत राहिला नाही."

"या एकीत राहील."

"हट्ट करू नकोस."

"विचारायचं होतंस म्हणालात ना काल?" लिफ्टवाला म्हणाला. त्याचाही आवाज चढला होता. "मग आज विचारतोय. राहू देऊ का?"

सासूबाई काठी शोधत उठल्या. "कर काय करायचं ते. गोधडीचा सत्यानाश तर केलासच आहे," म्हणत त्या आपल्या खोलीत गेल्या. काढ असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत.

रविवारी सकाळी त्याने गोधडी मागच्या खोलीत मशीनवर घालून ठेवली आणि भिंगरीला हाक मारली. ती आली, दारातच थांबली. मग पुढे होऊन तिने बदकांना हात लावला, लाल ठिपक्यांना लावला, आणि खुदकन हसली. "हा हिरवा पडदा कुणी घुसवला?" मग तिने वर पाहिलं. "बाबा, दार लावून हे चाललं होतं?"

चार दिवस मनात घोळवलेलं एक वाक्य त्याच्याजवळ होतं. "बस दहाची आहे," तो म्हणाला.

भिंगरीने गोधडी उचलून उजेडात धरली आणि तिचा चेहरा बदलला. मधोमध या काठापासून त्या काठापर्यंत पांढऱ्या जाड दोऱ्याची एक ओळ गेलेली होती, बोटभर लांब टाक्यांची, चढत, घसरत, उड्या मारत. तिने पलीकडच्या खोलीकडे पाहिलं आणि एकदम आवाज खाली आणला. "आजीचे आहेत ना? किती वाकडे आलेत, बिचारी. थांबा, तिच्या लक्षात यायच्या आत काढून टाकते."

तिने मशीनवरची कात्री उचलली.

"हात लावू नकोस!"

तो इतक्या जोरात ओरडला की भिंगरीच्या हातातली कात्री खाली पडली. स्वयंपाकघरात बायकोच्या हातून काहीतरी सुटलं. लिफ्टवाला भिंतीपलीकडच्या खोकल्याची वाट बघत उभा राहिला. खोकला आला नाही. भिंगरी त्याच्याकडे डोळे मोठे करून बघत होती, आणि ती रडेल की तरातरा निघून जाईल हे त्याला कळेना.

"हो, आजीचे आहेत," तो म्हणाला. "बाकीचे सगळे माझे आहेत. ते उसवलेस तरी चालतील."